परसातल्या कोंबड्या : जात निवडण्याआधी आपला वाईट महिना ओळखा



"साहेब, कोंबडीची कोणती जात चांगली?" हा प्रश्न आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांतून आणि गावोगावच्या बैठकांतून सारखा विचारला जातो. प्रश्न सरळ आहे, पण एका शब्दात उत्तर देता येत नाही. चंद्रपूरच्या उन्हात तग धरणारी कोंबडी सावंतवाडीच्या पावसात तशीच टिकेल असे नाही. पिंजऱ्यात भरपूर अंडी देणारी पांढरी कोंबडी तुमच्या परसात सोडली, तर महिनाभरात घारीच्या नाहीतर मुंगसाच्या तोंडी जाते. म्हणून या पत्रकात आपण प्रश्न थोडा फिरवून विचारू या. आपल्या गावात कोंबडीला वर्षातला सर्वांत वाईट महिना कोणता? तो महिना जी जात पार पाडेल, ती आपली जात.

ही गोष्ट किरकोळ समजू नका. बहुतेक घरांत कोंबड्या घरातल्या बाईच्या हाती असतात. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या, तेल-मीठ, दवाखान्याला जायचे एस.टी.चे भाडे निघते. बचत गटातून कर्ज काढून पन्नास पिल्ले आणली आणि मे महिन्याच्या दोन दुपारी त्यातली निम्मी मेली, तर कोंबड्या गेल्या तरी हप्ता राहतो. पुन्हा ती बाई कोंबडीपालनाचे नाव काढत नाही. बहुतेक वेळा जात वाईट नसते, ती चुकीच्या जागी किंवा चुकीच्या महिन्यात आणलेली असते.

हवामान कोंबडीला काय करते?

ऊन : कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अंगातली उष्णता ती डोक्यावरच्या तुऱ्यातून, उघड्या कातडीतून आणि तोंड उघडून धापा टाकत बाहेर टाकते. बाहेर ४० च्या वर पारा गेला की तिची धडपड सुरू होते. जेवढी कोंबडी वजनाने जड, तेवढी ही उष्णता बाहेर टाकणे तिला अवघड. म्हणून उन्हाच्या तडाख्यात आधी जड कोंबडे आणि जड माद्या मरतात, हलकी चपळ कोंबडी वाचते. सारखी धाप लागल्याने अंड्याचे कवचही पातळ होते.

पाऊस : प्रौढ कोंबडी चार थेंबांनी मरत नाही. मारते ती ओल. खुराड्यातले तूस ओले राहिले की पिल्लांना रक्ती हगवण लागते, जंत वाढतात, पायांना जखमा होतात. ओल्या कोठीतल्या मक्याला, कणीला बुरशी येते आणि त्या बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतावर जाते. डास वाढले की देवीचा रोग पसरतो.

थंडी : आपल्याकडची थंडी मोठ्या कोंबडीला फारशी बाधत नाही. ती घात करते पिल्लांचा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी केली तरी चालते. ऊब मिळाली नाही की पिल्ले एकमेकांवर चढून गोळा होतात आणि खालची गुदमरून मरतात.

आता एकेक जात पाहू

१. आपली गावठी कोंबडी. वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी, तीही लहान. वजन सव्वा ते दीड किलो. आकडे ऐकून नाक मुरडू नका. ती १२-१५ अंडी घालून खुडूक बसते, २१ दिवसांत पिल्ले काढते, त्यांना घेऊन उकिरडा उकरते, घार दिसली की आवाज देऊन पंखाखाली घेते. रात्री झाडावर चढते. हे सगळे काम ती फुकट करते. मात्र गावठीला रोग होत नाही हा समज खोटा आहे. मानमोडी आली की गावच्या गाव गावठी कोंबड्या जातात.

२. असील. उंच, लांब पायांची, अंगावर पिसे कमी, मांस घट्ट. उन्हाला सोसते. खुडूक चांगली बसते आणि पिल्लांसाठी भांडते. अंडी मात्र फारच थोडी. कोंबडे एकमेकांना फाडतात, म्हणून दोन मोठे कोंबडे एकत्र ठेवता येत नाहीत.

३. कडकनाथ. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर, धार या आदिवासी भागातली काळी कोंबडी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंगाने हलकी, उन्हाला चांगली. वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी देते, पण खुडूक बसण्याची वृत्ती कमी. मांसाला भाव मिळतो, परंतु गिऱ्हाईक आधी शोधा. "आम्हीच पिल्ले देऊ, आम्हीच अंडी घेऊ" अशा योजनांत पैसे घालून फसल्याच्या तक्रारी २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात मोठ्या संख्येने झाल्या. त्यात दोष कोंबडीचा नव्हता. गावच्या बाजारात जे विकता येत नाही त्यावर कर्ज काढू नये.

४. गिरीराज. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली, रंगीत पिसांची, अंडी आणि मांस दोन्हींसाठी. वर्षाला १३० ते १५० अंडी. झपाट्याने वाढते, कोंबडा चांगलाच वजनदार होतो. हाच तिचा गुण आणि हाच उन्हातला तिचा दोष. खुडूक बसत नाही.

५. वनराज. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली. रंगीत पिसे, लांब पाय, म्हणून पळून जीव वाचवते. परसात वर्षाला १०० ते ११० अंडी, मादी सुमारे दोन किलोची. कोंबडा विकायला चांगला. हीही खुडूक बसत नाही.

६. ग्रामप्रिया. हीसुद्धा हैदराबादचीच, पण अंड्यांसाठी. अंगाने वनराजपेक्षा हलकी. परसात थोडे खाद्य घातले तर वर्षाला १६० ते १८० अंडी, तपकिरी कवचाची. हलकी असल्याने उन्हात वनराज-गिरीराजपेक्षा बरी टिकते. पिल्ले काढायच्या कामाची नाही.

७. ऱ्होड आयलंड रेड. अमेरिकेतली जुनी जात, गडद तांबडी, तपकिरी अंडी. शासकीय केंद्रांतून आपल्याकडे अनेक वर्षे वाटली गेली. मध्यम हवेत आणि पुरेशा खाद्यावर चांगली अंडी देते. नुसत्या उकिरड्यावर सोडली तर तिचे सामर्थ्य वाया जाते.

८. उघड्या मानेची आणि उलट्या पिसांची कोंबडी. अशा कोंबड्या आपल्या गावठी कळपातही दिसतात आणि लोक त्यांना कुरूप म्हणून कापून खातात. तसे करू नका. मानेवर पिसे नसल्याने किंवा पिसे उलटी वळल्याने अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणांवरून हितकारी आणि उपकारी या सुधारित कोंबड्या तयार केल्या. कडक उन्हाच्या भागाला या चांगल्या. उलट्या पिसांची कोंबडी पावसात भिजते आणि उघड्या मानेची थंडीत कुडकुडते, हेही ध्यानात ठेवा.

९. व्हाइट लेगहॉर्न आणि ब्रॉयलर. पांढरी लेगहॉर्न पिंजऱ्यात, पूर्ण खाद्यावर, भरपूर अंडी देते. परसात तिचा पांढरा रंग घारीला लांबून दिसतो. ब्रॉयलर तर लवकर वजन घेऊन विकण्यासाठीच केलेली कोंबडी आहे. स्वस्त मिळतात म्हणून ब्रॉयलरची पिल्ले परसात पाळायला आणू नका. पायावर उभी राहवत नाही अशी जड झाली की पहिल्या उन्हात जातात.

आपला भाग, आपला वाईट महिना

विदर्भ, खानदेश, मराठवाडा, सोलापूर : येथे वाईट महिना मे. पारा ४२ ते ४५ आणि कधी त्याहून वर जातो, शिवाय पाण्याची टंचाई. येथे हलकी कोंबडी घ्या. गावठी, तिच्यात उघड्या मानेच्या असतील तर उत्तम, आणि अंड्यांसाठी ग्रामप्रिया. गिरीराज किंवा वनराजचे कोंबडे वाढवायचे असतील तर होळीच्या आसपास विकून मोकळे व्हा. जड कोंबडे मे महिन्यापर्यंत सांभाळणे म्हणजे नफा उन्हात वाळत घालणे.

कोकण, गोवा आणि घाटमाथा : येथे वाईट महिना जुलै. प्रश्न उन्हाचा नसून ओलीचा आहे. गावठी, ग्रामप्रिया आणि वनराज चालतात, पण खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच हवे आणि खालून वारा खेळायला हवा. झाडी दाट असल्याने मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांचा उपद्रव जास्त, म्हणून रंगीत पिसांची, पळणारी कोंबडीच घ्या. उलट्या पिसांची येथे नको.

सातपुडा, निफाड-नाशिकचा पट्टा : येथे उन्हाळाही आहे, पण पिल्लांचा घात जानेवारीच्या रात्री करतात. कोणतीही दुहेरी उपयोगाची जात चालेल. मात्र उबेची सोय नसेल तर डिसेंबर-जानेवारीत एक दिवसाची पिल्ले आणू नका.

पुणे, सातारा, कोल्हापूरचा मध्यम हवेचा भाग : येथे हवामानापेक्षा बाजार ठरवतो. मांसाला गिऱ्हाईक असेल तर गिरीराज किंवा वनराज, रोज अंडी विकायची असतील तर ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेड.

पिल्ले केव्हा आणावीत?

कोकणात ऑक्टोबरमध्ये आणा. पुढच्या जूनपर्यंत कोंबड्या मोठ्या झालेल्या असतात. रक्ती हगवण लहान पिल्लांना जास्त मारते, मोठ्या कोंबडीला कमी. उन्हाच्या भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणा. तलंगा सुमारे सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात, म्हणजे उन्हापूर्वी दोन महिने तरी अंडी मिळतात, आणि मे महिना येईल तेव्हा त्या पूर्ण वाढलेल्या असतात. थंडीच्या भागात फेब्रुवारी किंवा जुलै-ऑगस्ट बरा.

कोंबडे विकायचा हिशेब सणांवरून करा. शिमग्याला आणि आषाढातल्या गटारीला कोंबड्याला मागणी असते. श्रावण लागला की महिनाभर गिऱ्हाईक फिरकत नाही आणि कोंबडे मात्र रोज दाणे खातात.

शक्य असेल तर एक दिवसाची पिल्ले न घेता, लसी टोचलेली पाच-सहा आठवड्यांची पिल्ले घ्या. किंमत जास्त पडते, पण सर्वांत धोक्याचे दिवस दुसऱ्याकडे गेलेले असतात. सुधारित जातींच्या पिल्लांना पहिले सहा आठवडे ऊब आणि पूर्ण खाद्य द्यावेच लागते. पहिल्या दिवसापासून "चरून खातील" म्हणून सोडली तर हाती काही लागत नाही.

अंड्यांचा हिशेब घरीच मांडा

पाच गावठी कोंबड्या वर्षाला ६० प्रमाणे ३०० अंडी देतील. पाच ग्रामप्रिया १६० प्रमाणे ८०० अंडी देतील. ५०० अंडी जास्त. पण ग्रामप्रियाला चरण्याखेरीज रोज निदान ५० ग्रॅम भरड घालावी लागेल. पाच कोंबड्यांना वर्षाला ते सुमारे ९१ किलो होते. आता आपल्या गावातला भरडीचा भाव आणि अंड्याचा भाव घाला आणि वजाबाकी करा. घरचा मका, ज्वारी, कणी असेल तर हिशेब फायद्याचा निघतो. सगळे विकत आणावे लागत असेल तर पाच गावठी कोंबड्या काही वेळा जास्त पैसे ठेवतात, कारण त्यांच्यावर खर्चच नाही आणि अनेक बाजारांत गावठी अंड्याला भावही चढा मिळतो.

दुसरी गोष्ट, एका परसात दाणे, किडे, हिरवा पाला मर्यादित असतो. दहा कोंबड्या पोटभर चरतात तेथे चाळीस सोडल्या तर सगळ्याच उपाशी राहतात. सुरुवात दहा माद्या आणि एक कोंबडा एवढ्यावर करा.

खुडूक कोंबडी सांभाळा

सुधारित कोंबडी आली म्हणून गावठी विकून टाकू नका, हे या पत्रकातले सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे. गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया या संकरित आहेत. त्यांची अंडी उबवून काढलेली पिल्ले आईसारखी निघत नाहीत, कस उतरतो. म्हणजे दर दोन वर्षांनी पिल्ले बाहेरून आणावीच लागतात. ज्या वर्षी पैसे नसतील, किंवा केंद्रावर पिल्ले मिळणार नाहीत, त्या वर्षी तुमचे खुराडे रिकामे राहील. घरात दोन-तीन गावठी माद्या आणि एक गावठी कोंबडा असेल तर कळप पुन्हा उभा राहतो. म्हणून गावठी माद्यांना सुधारित कोंबड्यापासून वेगळे ठेवता आले तर ठेवा. संकर होत राहिला की दोन-तीन पिढ्यांत खुडूक बसण्याचा गुण कमी होत जातो.

गावठी खुडूक कोंबडीचा आणखी एक उपयोग आहे. ती अंड्यांवर बसून तीन आठवडे होत आले, की केंद्रातून आणलेली सुधारित जातीची एक दिवसाची दहा-बारा पिल्ले रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवा आणि अंडी काढून घ्या. सकाळी बहुतेक कोंबड्या ती पिल्ले आपलीच समजतात. पहिल्या दिवशी मात्र लक्ष ठेवा, एखादी चोच मारते. वीज गेली तरी ऊब जात नाही, बल्बचा खर्च नाही आणि पिल्लांना चरायला शिकवणारी आई मिळते.

जात कोणतीही असो, एवढे कराच

मानमोडीची लस : पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी लस. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा जास्त कोंबड्यांचा डोस असतो. दहा कोंबड्यांसाठी ती फोडणे परवडत नाही. म्हणून वाडीतल्या पाच-दहा घरांनी एकच दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्या एकदम टोचून घ्याव्यात. लस बर्फातूनच आणा आणि फोडल्यावर दोन तासांत संपवा. आजारी कोंबडीला टोचू नका.

उन्हाळा : खुराड्याच्या पत्र्यावर पाचट किंवा पेंढा टाका, वरून चुना मारा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी दाणे घाला, भर दुपारी नको. सावलीत मातीच्या दोन-तीन भांड्यांत गार पाणी ठेवा आणि दिवसातून निदान तीनदा बदला. उन्हाळ्यात कोंबडी नेहमीच्या दुप्पट पाणी पिते. दुपारी बाजूला ओले गोणपाट लटकवा, पण हवा अडवू नका.

पावसाळा : तूस रोज हलवा, ओले झालेले काढून त्यात थोडी चुन्याची फक्की मिसळा. बुरशी आलेले धान्य, "कोंबडीच तर आहे" म्हणून घालू नका. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंतांचे औषध द्या.

थंडी : रात्री वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, परंतु वरची एक बाजू उघडी ठेवा. पिल्ले पसरून झोपली तर ऊब बरोबर आहे, गोळा झाली तर कमी आहे, कडेला जाऊन तोंड उघडून बसली तर जास्त आहे.

जागा : रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येक कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा हवी. फटीतून मुंगूस शिरणार नाही याची खात्री करा.

कवच : अंडी देणाऱ्या कोंबड्यांना शिंपल्याची पूड एका भांड्यात कायम ठेवा. लागेल तेवढी त्या खातात.

एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका, बाजारात विकू नका, खाऊ नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा त्या भागातल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. वेळेवर कळवले तर रोग एका वाडीत थांबवता येतो. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

पिल्ले विकत घेण्यापूर्वी हे पाच प्रश्न घरात बसून एकमेकांना विचारा :

१. आमच्याकडे कोंबडीला सर्वांत वाईट महिना कोणता, आणि त्या महिन्यात ही पिल्ले किती महिन्यांची असतील?
२. आम्हाला अंडी विकायची, कोंबडे विकायचे, की पिल्ले?
३. रोजची भरड घरची आहे की विकतची?
४. पुढच्या वेळी पिल्ले कोठून येतील?
५. दुपारी बारा ते चार कोंबड्यांना पाणी कोण देणार?

पाचव्या प्रश्नाला घरातल्या एका माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळाले नाही, तर त्या वर्षी जड जात आणू नका.

सुधारित जातींच्या पिल्लांसाठी राज्य शासनाच्या पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांकडे आगाऊ नोंदणी करावी. लसीकरण व इतर माहितीसाठी आपल्या पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकारी किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात भेटावे. हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे, ही विनंती.